घटस्फोट : कारणे, परिणाम आणि समाजाची जबाबदारी

वधू-वर परिचय मेळाव्याचे अर्ज तपासताना आम्हाला दरवर्षी एक शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतो. उमेदवाराच्या नावापुढे पालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले असते, 'निर्दोष घटस्फोटित'. हा शब्द आता इतका रुळला आहे, की लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण क्षणभर थांबून विचार केला तर ध्यानात येईल, की ज्याच्यावर आरोप असतो तोच स्वतःला निर्दोष म्हणवतो. म्हणजे घटस्फोट झालेली मुलगी वा मुलगा समाजापुढे येतो तो आरोपी म्हणूनच, आणि अर्ज भरतानाच त्याला स्वतःची सुटका मागून घ्यावी लागते.

आपल्या समाजात शिक्षण वाढले, नोकऱ्या आल्या, बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमेसमोर साधेपणाने विवाह होऊ लागले. तरीही मोडलेल्या लग्नाविषयी आपण उघडपणे बोलत नाही. विहारातील कार्यक्रम आटोपल्यावर एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारते, "पोरगी सहा वर्षांपासून घरीच आहे, काही करता येईल का?" सहा वर्षे हा प्रश्न तिने कोणालाही विचारलेला नसतो. म्हणूनच या विषयाची कारणे, त्याचे परिणाम आणि त्याबाबत आपले कर्तव्य यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही ठरविले.

काडीमोडीपासून कायद्यापर्यंत

"आपल्यात पूर्वी घटस्फोट नव्हते," असे अनेक वडीलधारी माणसे सांगतात. हे वस्तुस्थितीला धरून नाही. वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींमध्ये विवाह हा न तुटणारा संस्कार मानला जाई आणि त्यातून स्त्रीला सुटका नसे. याउलट महाराष्ट्रातील कष्टकरी जातींमध्ये काडीमोड आणि पाट या दोन्ही रूढी होत्या, आणि पूर्वाश्रमीचा अस्पृश्य समाज त्याला अपवाद नव्हता. पंचांसमक्ष काडीमोड झाली, सोडचिठ्ठी मिळाली, की पहिला संबंध संपे आणि स्त्रीला पाट लावून दुसरे घर करता येई. याचा अर्थ त्या काळी सारे न्याय्य होते असा नव्हे. निवाडा करणारे पंच पुरुषच असत. पाट लागलेल्या बाईला लग्नाच्या बायकोइतका मान नसे. तथापि, नांदणे अशक्य झालेल्या बाईने जन्मभर तसेच कुढत बसावे, असा दंडक मात्र नव्हता.

या रूढीला हक्काचे रूप द्यावे ही मागणी आपल्याच स्त्रियांनी केली, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. त्या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार असावा आणि पुरुषाने अनेक बायका करण्याच्या प्रथेला कायद्याने आळा बसावा, असे ठराव केले. ज्या काळी बहुतेक स्त्रियांना सहीही करता येत नव्हती, त्या काळी आपल्या आज्या-पणज्यांनी हे धाडस दाखविले.

पुढे कायदामंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिलात एकपत्नीत्व आणि घटस्फोट या दोन्ही तरतुदींचा आग्रह धरला. घटस्फोटामुळे धर्म बुडेल, अशी ओरड झाली. तेव्हा बाबासाहेबांनी दाखवून दिले, की शूद्र मानल्या गेलेल्या बहुसंख्य समाजात ही रूढी पूर्वीपासून चालत आलेली आहे, त्यामुळे बिलात काही जगावेगळे नाही. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे होऊन पुढे चार कायदे झाले. त्यांपैकी १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे, आणि आजही आपले घटस्फोट त्याच कायद्याखाली होतात.

मग ही लाज आपल्यात आली कोठून? आमच्या मते याचे उत्तर आपल्या प्रगतीच्या वाटेवरच सापडते. खालचा मानला गेलेला समाज वर येताना वरच्या जातींच्या चालीरीती उचलतो, याला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 'संस्कृतीकरण' असे नाव दिले. नोकरी लागली, चाळीतून फ्लॅटमध्ये आलो, आणि प्रतिष्ठेच्या कल्पना मात्र आपण शेजारच्यांकडून उसन्या घेतल्या. देव्हारे सोडले, पण 'बाईने नवऱ्याच्या घरातून तिरडीवरूनच बाहेर पडावे' हा विचार मागच्या दाराने घरात आला.

लग्ने का मोडतात?

पहिले कारण लग्न जुळविण्याच्या पद्धतीतच आहे. कंत्राटी नोकरी कायम म्हणून सांगणे, आजार लपविणे, व्यसन लपविणे, पहिल्या लग्नाची गोष्ट दडविणे, हे प्रकार सर्रास होतात. "लग्न झाले की पोरगा सुधारेल," या आशेवर दुसऱ्याच्या मुलीचा औषधासारखा उपयोग केला जातो. मुलगा-मुलगी एकमेकांशी मोकळेपणाने बोललेले नसतात. कांदेपोह्यांच्या बशीभोवती वीस मिनिटांत आयुष्याचा निर्णय होतो.

दुसरे कारण दारू आणि मारहाण. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या हकिगतीत या दोन गोष्टी जोडीनेच येतात. पंचशील म्हणणाऱ्या समाजात पाचव्या शीलाची ही अवस्था आहे. पगाराच्या दिवशी पैसे घरी न येणे, त्यावरून भांडण, भांडणातून मार, हा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो.

तिसरे कारण राहत्या जागेचे आणि नातेवाइकांच्या ढवळाढवळीचे. शहरात एका खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद आणि नवे जोडपे राहते. गावाकडच्या घराला निदान ओसरी आणि अंगण असे. खोलीत नवरा-बायकोला दोन शब्द बोलायलाही आडोसा नसतो. त्यात आता दिवसातून चार वेळा माहेरचा फोन येतो आणि सासरी त्याच्यावर कान असतो. दोन्हीकडची माणसे मदत करावी म्हणून मध्ये पडतात आणि गाठ अधिकच घट्ट होते.

चौथे कारण शिक्षण आणि कमाईतील तफावत. मुली पदवीधर, परिचारिका, शिक्षिका होत आहेत. पुष्कळ मुले मध्येच शिक्षण सोडतात. बायकोचा पगार घरात हवा असतो. पण तिने उशिरा घरी यावे, स्वतःच्या पैशाचा हिशेब स्वतः ठेवावा, माहेरी मदत करावी, हे खपत नाही. याशिवाय मूल न झाल्यास तपासणी बाईचीच होते आणि दोषही तिलाच दिला जातो. हुंडाही संपलेला नाही. १९६१ पासून कायद्याने बंदी असतानाही तो मोटारसायकल, फर्निचर आणि मानपान या नावांनी चालूच आहे.

"मुली शिकल्या म्हणून घटस्फोट वाढले," असे विधान नेहमी ऐकू येते. यात थोडे तथ्य आहे, परंतु लोक समजतात त्या अर्थाने नव्हे. मारहाण, संशय, व्यसन ही दुःखे आईच्या पिढीतही होती. आई ती मुकाट्याने सोसत होती, कारण तिला दुसरीकडे भाकर मिळणार नव्हती. मुलीला ती मिळू शकते. शिक्षणाने भांडण निर्माण केले नाही. आधीच असलेले भांडण उघड्यावर आणले.

परिणाम कोणावर होतात?

स्त्री माहेरी परत येते तेव्हा आई-वडील असेपर्यंत तिला आसरा असतो. पुढे घर भावाचे आणि भावजयीचे होते. ती कमावत असेल तर पगारावर, नसेल तर जेवणावर डोळा असतो. धाकट्या बहिणीचे स्थळ मोडले तर खापर तिच्यावरच फुटते. मंगलकार्यात तिला पुढे बोलावले जात नाही. वास्तविक आपल्या विधीत सुवासिनी आणि अपशकुन या कल्पनांना स्थानच नाही.

मुलांवर होणारा परिणाम अधिक खोल असतो. आई वाईट की बाप वाईट, हा प्रश्न त्यांना दोन्ही घरांत विचारला जातो. काही मुले अबोल होतात, काही हट्टी, काहींचा अभ्यास मागे पडतो. याखेरीज एक अडचण आपल्या समाजाला विशेष जाणवते, ती कागदपत्रांची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो अजूनही प्रामुख्याने वडिलांकडच्या कुटुंबाचा मागितला जातो. बापाने रागाने शाळा सोडल्याचा दाखला दिला नाही, तर बारावीत उत्तम गुण मिळविलेल्या मुलाचा राखीव जागेवरील प्रवेश अडकतो. नवरा-बायकोचे भांडण असे अठरा वर्षांनी मुलाच्या अंगावर येते.

पुरुषही यातून सुटत नाही. त्याच्याविषयी बोलण्याची पद्धत नाही इतकेच. एकटेपण, कोर्टाच्या तारखांसाठी बुडणारी मजुरी, मुलांची ताटातूट आणि त्यातून वाढणारे व्यसन, ही अवस्था आम्ही पाहिली आहे. समाजाच्या पातळीवर पाहिले तर दोन कुटुंबांचे वैर वस्तीत पसरते, विहारातही दोन गट पडतात आणि चांगले कार्यकर्ते एका मंचावर बसेनासे होतात.

ना नांदती, ना मोकळी

आता आम्ही या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. घटस्फोट झालेल्या व्यक्तींपेक्षा घटस्फोटही न होता विभक्त राहणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १३ लाख ६० हजार व्यक्ती घटस्फोटित होत्या, तर विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. दोन्ही गटांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त होत्या. पुरुष लवकर दुसरे लग्न करतो आणि बाई तशीच राहते, हेही त्यामागील एक कारण आहे.

अशा स्त्रीला आपण 'टाकलेली' म्हणतो. हा शब्द किती क्रूर आहे! वस्तू टाकतात, माणूस नव्हे. १९८० च्या दशकात संगमनेर परिसरात परित्यक्ता स्त्रियांचा लढा उभा राहिला. त्या चळवळीतील अॅड. निशा शिवूरकर यांनी 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिले. विधवेला समाजाची सहानुभूती तरी मिळते, परित्यक्तेला विचारतात, "तूच काहीतरी केले असशील."

या दुःखाची नोंद आपल्या प्राचीन वाङ्मयातही आहे. थेरीगाथेतील इसिदासी ही उज्जैनच्या एका सधन व्यापाऱ्याची मुलगी. ती पहाटे उठून पतीची सेवा करी, सासू-सासऱ्यांना मान देई. तरी पतीला ती नको झाली, आणि दोष नसताना तिला माहेरी पोचविण्यात आले. दुसऱ्या लग्नातही तेच झाले, तिसऱ्यातही तेच. अखेर तिने भिक्षुणी संघात प्रवेश घेतला आणि तेथे तिला सन्मान मिळाला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिने आपल्या दुःखाचे कारण पूर्वजन्मात शोधले. आपण ते याच जन्मातील व्यवहारात शोधले पाहिजे. पण एक गोष्ट निश्चित घेण्यासारखी आहे. तिला आत घेताना संघाने 'निर्दोष' असल्याचा दाखला मागितला नाही.

मोडलेले लग्न नाइलाजाने लोंबकळत ठेवण्यात कोणाचेही हित नाही. जे जुळू शकते ते मनापासून जुळवावे. जे जुळत नाही ते रीतसर, लवकर आणि न्यायाने संपवावे.

कायद्याविषयी थोडेसे

या बाबतीत अज्ञानामुळे फार नुकसान होते, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो. पाच-सहा लोकांच्या सह्या घेऊन स्टॅम्पपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे. पण तशी रूढी आपल्यात पूर्वापार आणि अखंड चालू आहे, हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नाही. ती सिद्ध झाली नाही तर पहिले लग्न कायम राहते आणि दुसरे लग्न हा गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेनुसार त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात असेच घडले. एका कामगाराने स्टॅम्पपेपरवर फारकत घेऊन दुसरे लग्न केले आणि वीस वर्षे संसार केला. त्याच्या निधनानंतर निवृत्तिवेतनासाठी दोन स्त्रिया कार्यालयात उभ्या राहिल्या. जी वीस वर्षे नांदली ती कायद्याने पत्नी नव्हती, आणि जी पत्नी होती तिने वीस वर्षे धुणीभांडी करून पोट भरले होते. एका कागदाने दोघींनाही फसविले.

रीतसर मार्ग असा आहे. १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय झाली. पती-पत्नी निदान एक वर्ष विभक्त असतील तर दोघे मिळून अर्ज करू शकतात. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. मात्र समेटाची शक्यता उरली नसेल तर न्यायालय ही अट शिथिल करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. संमती नसेल तर क्रूर वागणूक, दोन वर्षे सोडून जाणे, व्यभिचार अशा कारणांवर एकटा पक्षही दाद मागू शकतो. कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा असून, पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. तेथे समुपदेशक असतात. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो.

पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. घटस्फोट झाला तरी, पुन्हा लग्न केलेले नसल्यास आणि स्वतःचा निर्वाह करता येत नसल्यास, स्त्री त्याखाली पोटगी मागू शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरातून बाहेर काढण्याविरुद्ध संरक्षण दिले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे एक साधा अर्ज करावा लागतो, एवढेच.

आपण काय करावे?

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिची अवहेलना न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये त्यात आहेत. दोन्ही बाजूंना सारखीच पाच कर्तव्ये आहेत, हे लग्नाच्या मांडवात वर-वधूंना समजावून सांगितले पाहिजे. केवळ गाथा म्हणून घेऊन भागणार नाही.

यास अनुसरून आम्ही काही सूचना करतो. लग्न ठरण्यापूर्वी वर-वधूंना वडीलधाऱ्यांच्या गराड्याबाहेर निदान दोन-तीन वेळा बोलू द्यावे. नोकरी, आरोग्य, कर्ज आणि व्यसन याविषयी दोन्ही बाजूंनी खरी माहिती द्यावी. विवाह होताच त्याची नोंदणी करावी. तक्रार आल्यास मध्यस्थी करणाऱ्या मंडळींत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि त्यांनी मुलीशी एकटीने बोलावे. जेथे मारहाण आहे तेथे "जुळवून घे" असा सल्ला देऊन मुलीला परत पाठवू नये. असा समेट म्हणजे आपण आपली जबाबदारी झटकणे होय.

वेगळे व्हायचे ठरलेच, तर संमतीपत्रात पोटगी, दागिने आणि मुलांच्या भेटीचे दिवस यांबरोबरच एक कलम आवर्जून घालावे. वडिलांनी आपला शाळेचा दाखला, जातीचा दाखला व पडताळणीची कागदपत्रे यांच्या प्रती मुलांसाठी द्याव्यात. त्या दिवशी यास पाच मिनिटे लागतात. पुढे पाच वर्षे वाचतात.

सोसायट्यांनी आणि मंडळांनी आपल्या परिचय पुस्तिकेत घटस्फोटितांची नावे शेवटच्या पानांवर वेगळी न छापता वयाच्या क्रमाने सर्वांबरोबर छापावीत. परत आलेल्या मुलीला शिवणकाम किंवा अगरबत्ती यांपुरतेच मर्यादित न ठेवता तिचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यास मदत करावी. आणि त्या अर्जातील 'निर्दोष' हा शब्द आपण सर्वांनी खोडून टाकावा. नुसते 'घटस्फोटित' पुरे आहे. नागपूरच्या परिषदेत हात वर करून ठराव संमत करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी तो हक्क लाजत मागितला नव्हता. त्यांच्या नातींनी तो मान खाली घालून वापरू नये, आणि तशी वेळ आपण त्यांच्यावर आणू नये, एवढेच आमचे सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना नम्र आवाहन आहे.